जिओइंजिनिअरिंग म्हणजे काय? सूर्याला पडदा लावला तर मुंबईच्या तलावांचं काय होईल?



२००९ चा जुलै महिना. लालबागला आमच्या चाळीत तेव्हा एकच विषय होता, पाणी. पाऊस लांबला होता, तलाव तळाला गेले होते आणि शहरात पाणीकपात लागली होती. घराघरांत पिंपं, हंडे, कळश्या आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा भरून ठेवलेल्या असायच्या. अशातच पेपरात बातमी आली की तलावांवर विमानं पाठवून कृत्रिम पाऊस पाडणार. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, त्यामुळे चाळीतले असले सगळे प्रश्न माझ्याकडे यायचे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, विमानाने पाऊस पाडतात म्हणे. खरंच पडतो का? आणि पडलाच, तर तो यांनी पाडला की आपला आपण पडला, हे कळणार कसं?"

पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी ठोकून दिलं. दुसऱ्याला मात्र गप्प बसलो. आज कृत्रिम पावसापेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टीची चर्चा जगभर चालू आहे. अख्ख्या पृथ्वीचं तापमान कमी करण्यासाठी सूर्यप्रकाशच थोडा अडवायचा, अशी ती कल्पना. यालाच जिओइंजिनिअरिंग किंवा हवामान अभियांत्रिकी म्हणतात. हा विषय वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की काकूंचा तो दुसरा प्रश्न इथेही जसाच्या तसा उभा आहे. म्हणून आज आपण हे तंत्रज्ञान समजून घेऊया, आणि तेही आपल्या नळाच्या बाजूने.

जिओइंजिनिअरिंग म्हणजे नक्की काय?

हवामान बदलाला आवर घालण्यासाठी पृथ्वीच्या वातावरणात, समुद्रात किंवा जमिनीवर मुद्दाम आणि खूप मोठ्या प्रमाणावर केलेला हस्तक्षेप म्हणजे जिओइंजिनिअरिंग. यातले "मुद्दाम" आणि "खूप मोठ्या प्रमाणावर" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार सूर्यप्रकाश परतवण्याचा. पृथ्वीवर येणाऱ्या उन्हातला एखादा टक्का अवकाशात परत पाठवायचा, म्हणजे पृथ्वी थोडी थंड राहील. हवेत खूप उंचावर बारीक कण सोडणे किंवा समुद्रावरचे ढग मिठाच्या सूक्ष्म तुषारांनी जास्त पांढरे करणे, हे याचे मार्ग.

दुसरा प्रकार कार्बन काढून घेण्याचा. हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड झाडं, समुद्र, खडक किंवा यंत्रांच्या मदतीने बाहेर काढून दीर्घकाळ साठवायचा.

फरक असा लक्षात ठेवा. घरात गॅस गळत असेल तर दुसरा प्रकार म्हणजे साठलेला गॅस बाहेर काढणं. पहिला प्रकार म्हणजे पंखा लावून "आता वास येत नाही" म्हणणं. आणि शेगडीचा कॉक बंद करणं म्हणजे उत्सर्जन कमी करणं. ते या दोन्हींत येत नाही, ते वेगळंच करावं लागतं.

मग कृत्रिम पाऊस कुठे बसतो? शास्त्रीय व्याख्येनुसार तो जिओइंजिनिअरिंग नाही, कारण त्याचा परिणाम एका भागापुरता आणि काही तासांपुरता असतो. पण आकाशात हात घालण्याचा प्रत्यक्ष अनुभव आपल्याला महाराष्ट्रात तिथूनच मिळाला आहे, म्हणून आधी तो पाहू.

कृत्रिम पाऊस: आपला स्वतःचा अनुभव

ढगात पाणी असतं, पण ते अतिशय बारीक थेंबांच्या रूपात. हे थेंब इतके हलके असतात की खाली पडत नाहीत. त्यांना एकत्र यायला काहीतरी आधार लागतो. उष्ण ढगात मिठाचे कण सोडले तर ते ओलावा ओढून घेतात आणि मोठे थेंब तयार होतात. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तेच तत्त्व. थंड, उंच ढगात सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याची रचना बर्फाच्या स्फटिकासारखी असल्यामुळे त्याच्याभोवती बर्फ जमतो आणि मग पाऊस पडतो. पण ढगच नसेल तर पेरणार कशात? कृत्रिम पाऊस ढग तयार करू शकत नाही, हे पहिलं लक्षात ठेवा.

भारतातला या प्रकारचा पहिला प्रयत्न १९५१ साली टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटात केला. जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे प्रयोग केले. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. भागाचे दोन हिस्से करायचे आणि कुठल्या दिवशी कुठल्या हिश्श्यावर मीठ पेरायचं ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवायचं. मग पेरलेल्या आणि न पेरलेल्या पावसाची तुलना करायची. अकरा वर्षांचा हिशेब जमल्यावर साधारण २४ टक्के वाढ दिसली.

अलीकडे याच संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या भागात प्रयोग केला. एकूण २७६ ढग अभ्यासले. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पेरणीच्या पुढच्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, तर काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. खर्च निघाला लिटरला साधारण १८ पैसे.

१८ पैसे ऐकायला काहीच वाटत नाहीत ना? थांबा, मुंबईचा हिशेब करूया. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागतं. १८ पैशांनी गुणलं तर दिवसाला सत्तर कोटी रुपये होतात! हजार लिटरला १८० रुपये. घरगुती पाण्याला आपण हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत मोजतो. म्हणजे दुष्काळी तालुक्यात, जिथे टँकरशिवाय पर्याय नाही, तिथे हे कामाचं ठरू शकतं. अख्ख्या मुंबईची तहान त्यावर भागवणं मात्र परवडणारं नाही.

आता २००९ कडे या. त्या वर्षी देशभरात मान्सून सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी पडला. महापालिकेने तलावक्षेत्रात ढगांवर पेरणी करून पाहिली. राज्य सरकारनेही २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये असे प्रयोग केले. अडचण अशी, की दुष्काळात घाईघाईने केलेल्या पेरणीत बारामतीसारखी तुलना करायला वाव नसतो. ढग दिसला की पेरायचं. मग पाऊस पडला तर श्रेय कुणाचं? नाही पडला तर दोष कुणाचा? काकूंच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हे आहे, की एका पावसावरून कधीच कळत नाही. अनेक वर्षं, ठरवून, पेरलेलं आणि न पेरलेलं मोजावं लागतं.

आणि पृथ्वी तर एकच आहे. "न पेरलेली" दुसरी पृथ्वी तुलनेला कुठून आणायची? जिओइंजिनिअरिंगचा मूळ शास्त्रीय पेच इथे आहे.

सूर्याला पडदा: ही कल्पना आली कुठून?

ज्वालामुखीकडून. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू थेट स्थितांबरात, म्हणजे आपले पावसाचे ढग असतात त्याच्याही वरच्या थरात गेला. तिथे पाऊस नसल्यामुळे कण धुतले जात नाहीत, वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. या कणांच्या पातळ थराने ऊन परतवलं आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं.

मग विचार पुढे गेला, की ज्वालामुखीची वाट कशाला बघायची? खास विमानं साधारण वीस किलोमीटर उंचीवर पाठवून तेच कण आपणच सोडले तर? २००६ मध्ये नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन यांनी यावर लेख लिहिला. उत्सर्जन कमी करण्यात जग अपयशी ठरतंय, तेव्हा निदान अभ्यास तरी करून ठेवा, असा त्यांचा सूर होता. तोपर्यंत शास्त्रज्ञ या विषयावर उघडपणे बोलायला कचरत होते.

गंमत म्हणजे थोडंफार हे आपण नकळत करतोच आहोत. कोळसा आणि जड इंधन जाळल्यावर निघणाऱ्या धुरात गंधक असतं. ते खालच्या हवेत ऊन परतवतं आणि ढग जास्त पांढरे करतं. म्हणजे ज्या धुराने फुप्फुसं खराब होतात तोच धूर तापमानवाढीचा काही भाग झाकतोही. १ जानेवारी २०२० पासून जगभरातल्या जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणायचा नियम लागू झाला. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांनाही तो लागू आहे. त्यानंतर समुद्रावर जहाजांमागे उमटणाऱ्या ढगांच्या रेषा कमी झाल्याचं उपग्रहांना दिसलं. हवा स्वच्छ झाली ते चांगलंच झालं, पण झाकलेली उष्णता थोडी उघडी पडली. ती नेमकी किती, यावर वाद चालू आहे.

खरा मुद्दा: तापमान एक, पाऊस दुसरा

या तंत्रज्ञानाची जाहिरात नेहमी अंश सेल्सिअसमध्ये होते. "दीड अंशावर रोखू", "अर्धा अंश कमी करू" वगैरे. पण आपण मुंबईकर अंशांवर जगत नाही. आपण दशलक्ष लिटरवर जगतो. जुलैमध्ये पेपरात आपण काय बघतो? सात तलावांचा तक्ता. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. या सगळ्यांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. रोजच्या पुरवठ्याने भागलं तर साधारण ३७० दिवस. बाष्पीभवन वगैरे धरलं तर त्याहून कमी. म्हणजे एका पावसाळ्यात भरायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. शिल्लक म्हणून फारसं काही नाही. त्यात जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं.

मग पडदा लावल्यावर पावसाचं काय होतं? मान्सून हा मुळात जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, त्यामुळे समुद्रावरचे बाष्पाचे वारे आत ओढले जातात आणि सह्याद्रीला धडकून आपले तलाव भरतात. ऊनच कमी केलं तर जमिनीचं तापणं कमी होतं, समुद्राचं बाष्पीभवनही मंदावतं. कार्बनने वाढलेलं तापमान पडदा लावून बरोबर जुन्या जागी आणलं, तरी पाऊस जुन्या जागी येत नाही, सरासरीने तो थोडा कमी होतो. पिनातुबोनंतर १९९२ मध्ये जगभरात जमिनीवरचा पाऊस घटल्याची नोंद आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे अ‍ॅलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपावर हाच प्रयोग केला, तेव्हा आशिया आणि आफ्रिकेतला मान्सून कमजोर होताना दिसला.

कण कुठे सोडता यावरही बरंच अवलंबून आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. गोविंदसामी बाला आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांच्या अभ्यासात दिसलं, की कण विषुववृत्ताच्या उत्तरेला सोडले तर उत्तर गोलार्धातला मान्सून, म्हणजे आपलाही, कमी होतो. दक्षिणेला सोडले तर उलट वाढतो. कारण पावसाचा पट्टा थंड गोलार्धापासून दूर सरकतो. थोडक्यात, कुठल्या अक्षांशावर विमान उडवायचं हा निर्णय तानसा भरणार की नाही, याच्याशी जोडलेला आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पडदा न लावता पृथ्वी अशीच तापत गेली, तर मान्सून काही आहे तसा राहणार नाही. कमी दिवसांत जास्त पाऊस आणि मध्ये लांब उघडीप, हे आपण बघतोच आहोत. काही अभ्यासांत असंही दिसतं की थोड्या प्रमाणात आणि दोन्ही गोलार्धांत समतोल राखून लावलेला पडदा अतिवृष्टी आणि उष्णतेच्या लाटा कमी करू शकतो. म्हणून तुलना "जुन्या चांगल्या दिवसांशी" नाही, तर "पडद्याशिवाय तापलेल्या जगाशी" करायला हवी, हे या संशोधकांचं म्हणणं रास्त आहे.

पण ही प्रारूपं आपल्या भागाबद्दल कितपत नेमकं सांगू शकतील? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७४ च्या आसपास. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. एकाच शहरात इतका फरक पडतो, तिथे शहापूरच्या डोंगरांवर पावसाचं काय होईल, हे अख्ख्या पृथ्वीच्या प्रारूपातून खात्रीने सांगणं कठीण आहे.

कार्बन काढायचा मार्ग: गोव्याचा एक धडा

दुसऱ्या प्रकारातला एक प्रयोग आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २००९ च्या सुरुवातीला या संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर दक्षिण अटलांटिक महासागरात एक प्रयोग केला. नाव होतं लोहाफेक्स. त्यातला "लोहा" म्हणजे आपलं लोखंडच. समुद्राच्या काही भागांत लोहाची कमतरता असते, म्हणून तिथे सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. लोह टाकलं तर त्या वाढतील, हवेतला कार्बन शोषतील, मरून तळाशी जातील आणि कार्बनही सोबत जाईल, असा तर्क.

प्रयोग सुरू होण्याआधीच पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला. जर्मन सरकारने तो थांबवला, परिणाम तपासले आणि मग परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पट्ट्यात लोह सोडलं गेलं. वनस्पती वाढल्या, पण समुद्रातल्या बारीक जिवांनी त्या खाऊन टाकल्या आणि त्या जिवांना त्यांच्यापेक्षा मोठ्यांनी. खोल तळाशी फारच थोडा कार्बन गेला.

अपयश म्हणावं का याला? मला नाही वाटत. प्रयोग उघडपणे केला, आक्षेप ऐकले, आणि निकाल अपेक्षेविरुद्ध आला तो जाहीरही केला. कागदावर सुंदर दिसणारी योजना निसर्गात उतरल्यावर तिला कोण कुठून खाऊन टाकेल सांगता येत नाही, हे आपल्याला त्यातून स्वस्तात कळलं.

बटण बंद केलं तर?

सूर्याच्या पडद्याचा सगळ्यात मोठा धोका तो लावण्यापेक्षा तो काढण्यात आहे. वर सोडलेले कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, म्हणून सतत नवे सोडत राहावे लागतात. दरम्यान कार्बनचं उत्सर्जन चालूच राहिलं, तर पडद्याआड उष्णता वाढवणारा वायू साठत जातो. मग युद्ध, आर्थिक मंदी किंवा सरकार बदलल्यामुळे एक दिवस विमानं थांबली, तर? दाबून ठेवलेली सगळी तापमानवाढ दहा-वीस वर्षांत अंगावर येते. पिकं, जंगलं, माणसं यांना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

आणि तापमान दाबलं तरी समुद्राचं आम्लीकरण थांबत नाही, कारण ते थेट कार्बन डायऑक्साइडमुळे होतं. शिंपले, प्रवाळ आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले मासे यांना पडद्याचा काही उपयोग नाही.

राजकारण: रिमोट कोणाच्या हातात?

हे तंत्रज्ञान महाग असेल असं वाटतं ना? २०१८ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की पहिली पंधरा वर्षं याला दरवर्षी सरासरी सव्वादोन अब्ज डॉलर लागतील. म्हणजे ढोबळमानाने वीस हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर आहे. कागदावरच्या हिशेबाने तर एखादी श्रीमंत महापालिकासुद्धा सूर्य मंद करू शकेल! अडचण पैशांची नाहीच. कुणीही करू शकेल, हीच अडचण आहे.

मग कायदा काय सांगतो? व्हिएतनाम युद्धात १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने शत्रूचे रस्ते चिखलात बुडवण्यासाठी ढगांवर पेरणी केली होती. ते उघड झाल्यावर हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९७८ मध्ये लागू झाला. भारतही त्यात आहे. पण तो फक्त शत्रुत्वाच्या वापरापुरता. "जगाच्या भल्यासाठी" केलं, तर तो लागू होत नाही. २०१० मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी जिओइंजिनिअरिंगबाबत सबुरीचा ठराव केला, पण तो बंधनकारक नाही. २०२४ मध्ये नैरोबीच्या पर्यावरण परिषदेत स्वित्झर्लंडने सूर्यप्रकाश परतवण्यावर अभ्यासाचा प्रस्ताव मांडला. देशांचं एकमत झालं नाही आणि तो मागे घ्यावा लागला.

छोट्या प्रयोगांचंही असंच झालं. हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाला स्वीडनमध्ये एक फुगा फक्त चाचणीपुरता उडवायचा होता, कण सोडायचेही नव्हते. तिथल्या सामी आदिवासींनी "आम्हाला विचारलं का?" असा आक्षेप घेतला. २०२१ मध्ये ती चाचणी थांबली आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. उलट एका अमेरिकी कंपनीने मेक्सिकोत परवानगी न घेताच गंधकाचे फुगे सोडल्याचं सांगितलं, तेव्हा २०२३ च्या जानेवारीत मेक्सिको सरकारने अशा प्रयोगांवर बंदी आणण्याची घोषणा केली.

नैतिक प्रश्न: तक्रार कुठे करायची?

हिंदमाताला पाणी तुंबतं, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. पण तिथलं बघा. पाणी तुंबलं तर परळचा माणूस एफ दक्षिण विभागात जाऊन भांडतो, दादर पश्चिमेचा जी उत्तरला, गिरगावचा डी विभागाला. नगरसेवकाला गाठतो, पेपरात पत्र लिहितो, कोर्टातही जातो. प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात पावसाचं पाणी साठवायच्या भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या, त्या याच रेट्यातून. त्या पुरेशा आहेत की नाहीत यावर वाद घालता येतो, कारण वाद घालायला समोर कुणीतरी आहे.

स्थितांबराचं वॉर्ड ऑफिस कुठे आहे? समजा, दुसऱ्या खंडातल्या कुठल्या तरी देशाने आपला उष्माघात कमी करण्यासाठी पडदा लावला आणि त्यानंतर आपल्याकडे सलग दोन वर्षं पाऊस कमी पडला. तो पडद्यामुळे, अल् निनोमुळे की आपला आपणच? काकूंचाच प्रश्न, पण आता नुकसान भरपाईसकट. सिद्ध कोण करणार आणि पैसे कोण देणार? आजच्या घडीला असा कुठलाही मंच नाही.

याशिवाय आणखी दोन मुद्दे आहेत. "तांत्रिक उपाय आहे ना, मग कोळसा कमी करायची घाई कशाला?" ही पळवाट मिळते, हा एक. आणि ज्यांनी जास्त कार्बन सोडला त्यांनी काढलेल्या तोडग्याचे दुष्परिणाम ज्यांनी कमी सोडला त्यांनी सोसायचे, हा दुसरा.

पण "संशोधनच नको" हेही मला पटत नाही. उद्या कुणी हे सुरू केलंच, तर त्याचा मान्सूनवर काय परिणाम होईल हे सांगायला आपले स्वतःचे शास्त्रज्ञ आणि आपली प्रारूपं हवीत. नाहीतर दुसऱ्याने दिलेल्या तक्त्यावर विश्वास ठेवायची वेळ येईल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विमानामागे दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा म्हणजे हेच का?
नाही. इंजिनातली वाफ वरच्या थंड हवेत गोठते, त्याच्या त्या रेषा. हिवाळ्यात तोंडातून वाफ निघते तसं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याबद्दलचे व्हिडिओ पुढे पाठवू नका.

एप्रिल २०२४ मध्ये दुबई बुडाली ती कृत्रिम पावसामुळे का?
नाही. ती मोठी वादळी प्रणाली होती आणि तिचा अंदाज आधीच वर्तवला होता. पेरणीने इतका पाऊस पाडता येत नाही.

कृत्रिम पावसाने मुंबईचं प्रदूषण धुता येईल का?
नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईत तशी चर्चा झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आयआयटी कानपूरने प्रत्यक्ष पेरणी केली, पण ढगांत ओलावा १५ ते २० टक्केच होता, त्यामुळे म्हणावा तसा पाऊस पडला नाही. प्रदूषण वाढतं ते कोरड्या दिवसांत, आणि तेव्हा पेरायला ढग नसतात.

भारत सध्या सूर्याला पडदा लावायचा विचार करतोय का?
प्रत्यक्ष वापर नाही. संगणकीय प्रारूपांवर अभ्यास चालतो, बंगळुरूचा वर उल्लेख केला तो असाच.

शेवटी

पुढच्या वेळी "पृथ्वी थंड करणारं तंत्रज्ञान सापडलं" अशी बातमी वाचलीत, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. तापमानाचा आकडा दिलाय, पण पावसाचा दिलाय का? परिणाम झाला की नाही, हे कसं मोजणार ते सांगितलंय का? आणि चुकलं तर जबाबदार कोण, त्याचं नाव लिहिलंय का? तिन्हींची उत्तरं नसतील, तर ते तंत्रज्ञान अजून आपल्यासाठी तयार झालेलं नाही, असं खुशाल समजा.

काकू आता बदलापूरला राहतात. मागच्या गणपतीत चाळीत आल्या होत्या तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सोळा वर्षांनी सांगतोयस की तेव्हा तुला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "हो काकू. आणि मोठमोठ्या लोकांनाही अजून नीट माहीत नाही." त्यावर त्या हसल्या आणि नेहमीच्या सवयीने उठून मोरीतलं पिंप भरलंय का ते बघायला गेल्या.